देशोदेशीची गावे : ट्रिस्टनचे बटाटे आणि बरोबरीचा करार

वाचकहो, मुलांच्या दप्तरातला जगाचा नकाशा काढून घ्या आणि दिव्याजवळ बसा. आफ्रिका खंडाचे अगदी खालचे टोक शोधा. तिथे केपटाऊन नावाचे बंदर आहे. त्या बंदरावरून बोट ठेवून पश्चिमेकडे, दक्षिण अमेरिकेच्या दिशेने सरकवत न्या. निळ्या पाण्याशिवाय काही दिसणार नाही. सुमारे २,८०० किलोमीटर अंतर गेल्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लागेल. कित्येक नकाशांत तोही नसतो. त्या ठिपक्याचे नाव ट्रिस्टन द कुन्हा. आजची आपली सफर तिथली.

या बेटाला शेजार म्हणाल तर सेंट हेलिना हे दुसरे बेट, आणि तेही उत्तरेला सुमारे २,४०० किलोमीटरवर! मुंबई ते दिल्ली हा आगगाडीचा रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरचा. म्हणजे शेजाऱ्याकडे विरजण मागायला जायचे तर मुंबईहून दिल्लीला जाऊन पुन्हा अर्ध्याहून अधिक वाट परत यावे, एवढी मजल. माणसांची कायम वस्ती असलेले जगातले सर्वांत एकाकी ठिकाण म्हणून या बेटाची ख्याती आहे.

तिथे विमान उतरत नाही. केपटाऊनहून वर्षाकाठी मोजकी जहाजे जातात आणि त्यांना आठवडाभर लागतो. हवा बिघडली तर जास्तच. बरे, जहाज पोचले म्हणजे माणूस पोचला असेही नाही. बंदर इतके लहान की मोठे जहाज बाहेरच उभे राहते. समुद्र शांत असेल तरच लहान होड्यांनी माणसे आणि सामान काठावर येते. नाहीतर गाव समोर दिसत असूनही दिवसचे दिवस खोळंबून राहावे लागते. पाहुण्यांची सफरीची जहाजे तर कित्येकदा दुरूनच गाव पाहून पुढे निघून जातात.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी पर्वतच. क्षेत्रफळ ९८ चौरस किलोमीटर, आकार जवळजवळ गोल. मधले शिखर २,०६२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही चारशे मीटरहून अधिक उंच. हिवाळ्यात त्यावर बर्फ असते. बेटाच्या चहूबाजूंनी सरळसोट कडे आहेत. फक्त वायव्येच्या बाजूला कड्याच्या पायथ्याशी सपाट जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. त्या पट्टीच्या एका टोकाला गाव आणि दुसऱ्या टोकाला गावाची शेती. एवढेच त्यांचे जग. गावाचे कागदावरचे नाव लांबलचक आहे, ‘सात समुद्रांचे एडिंबरो’. इंग्लंडच्या राणीचा मुलगा, एडिंबरोचा ड्यूक, १८६७ साली तिथे येऊन गेला, त्याची ती आठवण. गावकरी मात्र नुसते ‘वस्ती’ म्हणतात.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. आपण शेकोटीजवळ बसतो तेव्हा तिथे उन्हाळा. पाऊस बारमाही आणि वारा तर पाचवीलाच पुजलेला. मे २००१ मध्ये झालेल्या वादळात घरांची छपरे उडाली आणि गुरेही मेली.

बेटाला नाव मिळाले ते एका पोर्तुगीज दर्यावर्दीचे. त्रिस्तांव द कुन्हा हा १५०६ साली हिंदुस्थानकडे आरमार घेऊन निघाला असता त्याला हे बेट दिसले. खवळलेल्या समुद्रामुळे त्याला उतरता आले नाही. नाव मात्र देऊन गेला. याच आरमारात अल्फोन्सो द अल्बुकर्क होता, ज्याने पुढे १५१० साली गोवा घेतला. आणि या त्रिस्तांवचा मुलगा नुनो द कुन्हा पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली ती याच नुनोच्या कारकिर्दीत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकून घेतली हे आपल्याला ठाऊकच आहे. पाहा, दक्षिण अटलांटिकमधल्या त्या ठिपक्याचे नाव आपल्या वसईच्या इतिहासाला असे येऊन भिडते.

पुढे तीनशे वर्षे तिथे कायमची वस्ती झाली नाही. १८१५ साली इंग्रजांनी नेपोलियनला सेंट हेलिना बेटावर कैदेत ठेवले. त्याला सोडवायला कोणी ट्रिस्टनचा आधार घेईल या भीतीने १८१६ साली इंग्रजांनी तिथे शिबंदी ठेवली. वर्षभरात त्यांना कळले की हा खर्च फुकटचा आहे. शिबंदी परत बोलावली. त्या वेळी विल्यम ग्लास नावाचा एक स्कॉटिश कार्पोरल म्हणाला, मी इथेच राहतो. बरोबर बायको आणि दोन मुले. आणखी दोन गवंडीही राहिले.

आता जी गोष्ट सांगतो ती नीट ऐका. या मूठभर माणसांनी ७ नोव्हेंबर १८१७ रोजी एक करारनामा लिहिला. गुरेढोरे व सामानसुमान सर्वांच्या समान मालकीचे, नफा झाला तर समान वाटणी, खर्च आला तर तोही समान, आणि कोणीही दुसऱ्यावर वरचढपणा करायचा नाही. ना वकील, ना तहसीलदार, ना स्टँपपेपर. पण तो कागद आजही लंडनमध्ये जपून ठेवलेला आहे. पुढे गावकरी ग्लासला आदराने ‘गव्हर्नर’ म्हणू लागले. मात्र त्याच्यामागे शिपाई नव्हता आणि खजिनाही नव्हता.

वस्ती वाढली कशी? जहाजे फुटली आणि त्यावरचे खलाशी राहून गेले, असेच बरेचसे. सुरुवातीच्या पुरुषांत पाच जण बिनलग्नाचे होते. त्यांनी एका जहाजाच्या कप्तानाला गळ घातली, आणि १८२७ साली तो सेंट हेलिनाहून पाच स्त्रियांना घेऊन आला. त्या अनोळखी काठावर पाय ठेवताना त्या बायांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपल्या माताभगिनींनीच करावी. गावाचा संसार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. इंग्लंड, स्कॉटलंड, हॉलंड, अमेरिका अशी नाना ठिकाणची माणसे त्यात मिसळली. १८९२ साली ‘इटालिया’ नावाचे जहाज तिथे फुटले आणि त्यावरचे दोन इटालियन तिथेच स्थायिक झाले. आजही गावात ग्लास, ग्रीन, स्वेन, रॉजर्स, हेगन, लाव्हारेलो, रेपेटो अशी मोजकीच आडनावे आहेत. सारे गाव एकमेकांचे सोयरे.

या गावाचे पोट भरले ते बटाट्याने. देवमासे मारणारी जहाजे त्या वाटेने जात, तेव्हा गावकरी त्यांना बटाटे, मांस आणि गोडे पाणी देत आणि बदल्यात चहा, साखर, पीठ, कापड घेत. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. युरोपातून आपल्याकडे येणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालेनाशी झाली. देवमाशांचा धंदाही उतरला. गाव जगाच्या वाटेवरून बाजूला पडले. हमरस्ता दुसरीकडून गेला की जुन्या वाटेवरच्या बाजारपेठेचे काय होते, हे आपण पाहिलेलेच आहे.

त्यातच १८८२ साली फुटलेल्या एका जहाजावरून उंदीर बेटावर आले आणि शेतात शिरले. ते आजतागायत गेलेले नाहीत. मग १८८५ चा नोव्हेंबर उजाडला. टंचाईचे दिवस होते. दूर समुद्रात एक जहाज दिसले. त्याच्याशी सौदा करून काही दाणागोटा मिळेल म्हणून गावातले १५ कर्ते पुरुष होडी घेऊन गेले. ते परत आलेच नाहीत. शंभराच्या आसपास माणसांच्या गावातून एका दिवसात पंधरा कर्ते गेले. घरोघरी विधवा झाल्या. तरी गाव उठले नाही. बायकांनी आणि पोरांनी बटाटे लावले, मेंढरे सांभाळली, लोकर कातली.

नाणे तिथे दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालत नव्हते. १९४२ साली तिथे नौदलाचे ठाणे झाले, त्यानंतर पैसा आला. १९४६ साली बेटासाठी टपालाचे तिकीट असावे म्हणून एक नमुना तयार केला, त्यावर किंमत छापली होती एक पेनी म्हणजे चार बटाटे! सरकारने तो नमुना मंजूर केला नाही, पण आजही तिकिटे गोळा करणारे हौशी लोक तो मोठ्या कौतुकाने दाखवतात. बेटाची रीतसर तिकिटे १९५२ पासून निघाली. ती जगभर विकली जातात आणि गावाला त्यातून थोडे उत्पन्नही मिळते.

आता या गावाची खरी कसोटी. १९६१ च्या ऑगस्टपासून जमीन हादरू लागली. कड्यावरून दगड कोसळू लागले. ऑक्टोबरमध्ये गावाला लागूनच जमीन फाटली आणि आतून निखाऱ्यासारखा खडक वर येऊ लागला. माणसांनी रात्र बटाट्याच्या शेतांवर काढली. १० ऑक्टोबरला अंगावरच्या कपड्यांनिशी २६४ गावकरी मासेमारीच्या होड्यांनी शेजारच्या नाइटिंगेल बेटावर गेले. तिथून जहाजाने केपटाऊनला आणि तिथून इंग्लंडला. लाव्हाने मासळीचा कारखाना गिळला, होड्या लावायचा किनारा बुजवला. घरे मात्र बहुतेक वाचली.

इंग्लंडमध्ये त्यांची चांगली सोय झाली. राहायला घरे, कारखान्यात नोकऱ्या, मुलांना शाळा, घरात वीज, दारात मोटार. सरकारला वाटले, आता ही माणसे इथेच रुळतील. कोण परत जाईल त्या वाऱ्यापावसाच्या खडकावर? पण म्हाताऱ्यांना तिथले सर्दीताप सोसवेनात, काही दगावले. घरांना कुलपे लावायची सवय कोणालाच नव्हती. भेटेल त्याला हाक मारायची सवय होती, आणि तिथे हाकेला ओ देणारा नव्हता. डिसेंबर १९६२ मध्ये गावकऱ्यांचे मतदान झाले. परत जायच्या बाजूने १४८ आणि राहायच्या बाजूने फक्त ५.

आधी निवडक पुरुषांची एक तुकडी पुढे गेली. घरे-होड्या दुरुस्त केल्या, बटाटे लावले. बाकीचे गाव १९६३ साली परतले. सगळेच कायम टिकले असे नाही. १९६६ साली काही कुटुंबे पुन्हा इंग्लंडला गेली, त्यांतली काही परत आली. गरिबी म्हणजे काही भूषण नव्हे, हे त्यांनाही कळत होते. पण आपली जमीन, आपली माणसे आणि आपल्या कामाचे आपण धनी, या तीन गोष्टींपुढे त्यांना नोकरी हलकी वाटली. नवे बंदर बांधले त्याला त्यांनी ‘काल्शॉट’ हे नाव दिले, इंग्लंडमध्ये आसरा मिळाला त्या ठिकाणाचे. उपकार विसरले नाहीत.

आता तिथली शेती पाहू. गावापासून काही किलोमीटरवर बटाट्याची शेते आहेत. प्रत्येक तुकड्याभोवती काळ्या दगडांचे गडगे रचलेले, वारा अडावा आणि गुरे शिरू नयेत म्हणून. पूर्वी तिकडे बैलगाड्या जात, आता मोटारी जातात. आपला पावसाळा सरत आला की त्यांची लागवड आणि आपली संक्रांत होऊन गेली की काढणी. खत म्हणून शेण आणि समुद्रपक्ष्यांची विष्ठा घालण्याची जुनी रीत आहे. शिक्षक असो, नर्स असो की कचेरीतला कारकून, बटाट्याचा तुकडा प्रत्येकाचा असतोच. पुरुष, बायका, पोरे, सारे घर काढणीला जाते. वर्षातून एक दिवस ‘उंदीर दिन’ असतो. सुट्टी काढून गावाच्या टोळ्या कुत्री घेऊन निघतात, गडगे उसवून उंदीर मारतात. संध्याकाळी शेपट्या मोजतात. सर्वांत जास्त शेपट्यांना बक्षीस, आणि सर्वांत लांब शेपटीलाही बक्षीस! मेंढरांची लोकर कातरण्याचा दिवसही असाच सगळ्या गावाचा. त्या लोकरीचे मोजे बायका विणतात. जुन्या काळी मुलगी ज्याच्यासाठी मोजे विणी, त्यावरच्या रंगीत पट्ट्या मोजून माया किती ते गाव ओळखे.

पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही, की तिथली जमीन कोणा एकाच्या मालकीची नाही. ती सर्व गावाची आहे. घराने कसायचे तुकडे ठरलेले आहेत, आणि कुरण सगळ्यांचे मिळून एकच. कुरण सामाईक म्हटले की आपल्या मनात लगेच शंका येते, आणि ती रास्तही आहे. ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो दहा गुरे सोडील, गरिबाच्या एका गायीला काडी उरणार नाही, आणि पाच वर्षांत कुरणाचा खडक होईल. ट्रिस्टनच्या लोकांनी यावर उपाय केला आहे. कोणी किती गुरे आणि किती मेंढ्या ठेवायच्या याला बंधन आहे. कुरण टिकावे हा एक हेतू. दुसरा हेतूही ते उघड सांगतात, की एखादे घर इतरांपेक्षा फार मोठे होऊ नये. बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेता येत नाही आणि कायमचे राहताही येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या करारनाम्याचा अर्थ तिथे असा अजून जिवंत आहे.

नुसत्या बटाट्यावर मात्र रोकड मिळत नाही. ती येते समुद्रातल्या शेवंडीपासून. कोकणातल्या वाचकांना शेवंड सांगायला नको. ट्रिस्टनची शेवंड वेगळ्या जातीची, थंड पाण्यातली. ती गोठवून अमेरिका, जपान, युरोपकडे जाते आणि गावाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून येतो. समुद्र शांत असेल त्या पहाटे गावात टांगलेली गॅसची जुनी टाकी ठोकतात. तिचा टोल ऐकला की कचेरीतले लोकही कामे सोडून होड्यांकडे निघतात. इथेही मर्यादा आहेच. वर्षाला किती शेवंड काढायची हे ठरलेले, आणि ठरावीक मापापेक्षा लहान शेवंड पुन्हा पाण्यात सोडायची. या शिस्तीमुळे २०११ साली त्यांच्या मासेमारीला नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

संकटे मात्र सुटलेली नाहीत. २००८ साली मासळीचा कारखाना आगीत जळाला, त्याबरोबर गावाची वीजही गेली. तो नव्याने बांधला. मार्च २०११ मध्ये ब्राझीलहून सोयाबीन घेऊन निघालेले ‘ऑलिव्हा’ नावाचे जहाज नाइटिंगेल बेटावर आदळून फुटले. जहाजावरच्या २२ जणांना वाचवले. पण १,५०० टन तेल आणि ६५,००० टन सोयाबीन त्या परिसरात सांडले. सोयाबीन म्हटले तर आपल्या मराठवाडा-विदर्भातले घरचे पीक. पण तेच समुद्राच्या तळाशी कुजले की शेवंडीचा घरोबा मोडते. तिथली मासेमारी बंद ठेवावी लागली. हजारो पेंग्विन पक्षी तेलाने माखले. गावकऱ्यांनी पोहण्याचा तलाव रिकामा करून त्यांत पक्षी ठेवले, धुतले, खाऊ घातले. बरेच पक्षी वाचले नाहीत, तरी गावाने हात राखला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटाने भोवतीच्या सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्रापैकी बहुतेक भागात मासेमारी बंद केली. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. अडीचशेही नसलेल्या माणसांनी एवढा समुद्र राखायला घेतला.

राज्यकारभार कसा चालतो, असे कोणी विचारील. बेट ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश आहे. १९३८ पासून ते सेंट हेलिनाच्या आधिपत्याखाली होते. २००९ च्या राज्यघटनेने सेंट हेलिना, असेन्शन आणि ट्रिस्टन या तिघांना बरोबरीचा दर्जा दिला. गव्हर्नर सेंट हेलिनाला राहतो आणि ट्रिस्टनवर त्याच्या वतीने प्रशासक असतो. आपल्या ग्रामपंचायतीसारखे तिथे बेट मंडळ आहे. त्यात आठ सदस्य निवडून येतात, तीन नेमलेले असतात. निवडणूक दर तीन वर्षांनी. निवडून आलेल्यांत निदान एक स्त्री असलीच पाहिजे. गावचा मुख्यही मतदानाने निवडला जातो. शाळा आहे, दवाखाना आहे, दोन चर्च आहेत. २०१७ साली बांधलेल्या नव्या दवाखान्याला ‘कामोली’ हे नाव दिले, १८९२ साली आलेल्या त्या दोन इटालियनांच्या गावाचे. मोठ्या दुखण्याला मात्र जहाजाची वाट पाहून केपटाऊनच गाठावे लागते.

आजची त्यांची चिंता वेगळीच आहे, आणि ती आपल्याला अनोळखी नाही. १९६१ साली गाव सोडले तेव्हा होते त्याहून आज तिथे माणसे कमी आहेत. शाळेत मुले मोजकी. पुढच्या शिक्षणाला पोरे बाहेर जातात. सगळी परत येत नाहीत. ज्वालामुखीला जे गाव मोडता आले नाही, त्याच्या घरात म्हातारी माणसे वाढत चालली आहेत. होडी ओढायला हात लागतात, गडगा रचायलाही लागतात. करार कितीही चांगला असो, तो पाळायला माणसे हवीत.

आपल्याकडे गायरान आहे, पाणवठा आहे, गावची सामाईक विहीर आहे. ट्रिस्टनसारखे सारे इथे करता येणार नाही. आपली गावे मोठी, माणसे अनेक, प्रश्नही अनेक. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्याजोगी आहे. सामाईक वस्तूला मर्यादा घालायला त्यांनी ती संपण्याची वाट पाहिली नाही. गवत हिरवे असतानाच गुरे मोजली, शेवंड भरपूर असतानाच माप ठरवले. पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला, तर या बटाट्याच्या बेटाची गोष्ट चार जणांना जरूर सांगा.